जावयाचा नारळ

मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी गोडधोड होईल या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावजी, पाणी बघतात. पेशानं इंजिनिअर. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पण नात्यागोत्यात त्यांची ओळख पाणाड्या म्हणूनच. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ तळहातावर आडवा धरायचा, अनवाणी चालत राहायचं, आणि जमिनीखाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो. सगळ्यांच्या हातावर राहत नाही, त्याला ओ पॉझिटिव्ह रक्त लागतं, असं ते सांगतात. माझंही रक्त ओ पॉझिटिव्हच आहे. माझ्या हातावर नारळ आडवाच्या आडवा. पण बाईमाणसाचं वेगळं असतं म्हणे.

त्यांचा पहिला नारळ उभा राहिला तो लग्नानंतर लगेच, कोलारकडच्या एका नातेवाइकाच्या मळ्यात. खरंच पाणी लागलं. त्या वर्षी पाऊस असा झाला होता की तिथं चमचा रोवला असता तरी पाणी लागलं असतं. पण लोकांनी भावजींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ऑफिसात ह्या माणसाला त्याच्याहून लहान साहेब झापायचा, घरी मुलगा मोबाइल कसा धरायचा ते शिकवायचा, आणि नारळ हातात घेतला की मात्र चाळीस माणसं श्वास रोखून मागून चालतात. असली चीज कोण सोडेल? मला हे सगळं कळतं. कळलं म्हणून राग कमी होतो, असं मात्र मुळीच नाही.

आमचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, थोरल्या बहिणीला अक्का, वडिलांना अण्णा. मुलखापासून इतकं लांब येऊन पडलो, कितीतरी रीती गळून गेल्या, पण जावयाचा मान काही गळला नाही. जावयानं खारट आमटीला गोड म्हटलं तर आमच्यातले लोक आपली जीभ तपासून घेतात. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आईला जावई एकच. साहजिकच दोघांचा मान त्या एकट्यालाच.

अण्णांनी हयात असताना देवनहळ्ळीला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तेव्हा आजूबाजूला द्राक्षमळे होते, आता प्लॉट पाडून विकलेल्या लेआउटांच्या कमानी आहेत. आईचा त्या प्लॉटवर भारी जीव. कोरमंगलातलं आमचं घर अण्णांनी बांधलं तेव्हा समोर मोकळी जागा होती. आता दोन्ही बाजूंना पीजी, समोर कॅफे, आणि दिवसभर डिलिव्हरीवाल्यांचे हॉर्न. आईला देवनहळ्ळीला दोन खोल्यांचं घर हवं होतं, पुढं अबोलीचे वाफे, मागं कढीलिंबाचं झाड. तिथं नळाचं पाणी अजून पोचलेलं नाही. बोअरला पाणी लागलं तर घर, नाहीतर नाही. आणि पाणी बघायला घरचाच जावई असताना बाहेरचा माणूस आणायचा म्हणजे काय, त्यांचं नाक कापायचं?

बोअरच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भावजींनी जागा नक्की करून चुन्याची फुली मारून ठेवली होती. मशिनची लॉरी उभी होती. नात्यातली बरीच मंडळी आली होती, डबे घेऊन, सहलीला आल्यासारखी. मशिनला हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं, कापूर पेटवला, आणि आईनं मला ओवाळायला हाक मारली. मी गेले नाही. मशिनला ओवाळायचं मला जमत नाही, हसू फुटतं. मी गाडीजवळ उभी राहिले. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

दिवसभर ते मशिन जमीन फोडत राहिलं. दगडाची पांढरी भुकटी सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, दहीभातात. दुपारी जराशी ओली माती वर आली तेव्हा भावजींनी आकाशाकडे बघून हात जोडले आणि आईनं पदर डोळ्यांना लावला. ती ओल तेवढीच. पाइपामागून पाइप खाली गेले आणि शेवटी मशिनवाल्यानं मान हलवून आवराआवर सुरू केली. बोअर कोरडा.

भावजी त्या भोकाकडे बघत उभे राहिले. तेव्हा ते एवढंच म्हणाले असते की चुकला बुवा अंदाज, तर मीच त्यांना थर्मासातला चहा ओतून दिला असता. कुणाचं चुकत नाही? पण त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अक्काला विचारलं, "बाजूला बसायची कुणी बाई आली होती का इथं?"

बाजूला बसायची म्हणजे पाळीतली. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं. पूजेला पुढं झाली नाही, लांब गाडीजवळ उभी राहिली, म्हणजे हीच. मशिनवाल्या तमिळ पोरांना भाषा कळत नव्हती, तेसुद्धा बघायला लागले.

मी आईकडे बघितलं. कारण त्या माळावर दोघींनाच ठाऊक होतं की हे शक्यच नाही. आदल्या वर्षी गाठींमुळे माझी गर्भपिशवी काढली होती. इस्पितळात आईच माझ्या उशाशी होती, घरी आल्यावर डिंकाचे लाडू आईनंच केले, टाके ओले राहू नयेत म्हणून पंख्याखाली बसवणारीही आईच. आणि नातेवाइकांना काय सांगायचं हेही तिनंच ठरवलं होतं: अपेंडिक्स. बिनलग्नाच्या पोरीची गर्भपिशवी काढली हे लोकांना कळायला नको. अक्कालासुद्धा अपेंडिक्सच सांगितलं. मला तेव्हा ते काही मनाला लागलं नाही. माझं पोट, त्यातलं काय गेलं ते जगाला कशाला सांगा.

पाळी असती तरी जमिनीतल्या पाण्याला काय फरक पडला असता, हे भांडण वेगळं. ते मी रोज भांडायला तयार आहे. पण इथं मुळात पाळीच नव्हती, आणि हे जाणणारी बाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती. मी वाट बघत राहिले. आईनं पदर सारखा केला. ऊन फार झालं, निघू या, म्हणाली.

पुढं काय होणार ते सांगायला नकोच. भावजींचा नारळ खोटा ठरला नाही, धाकटीनं पाणी पळवलं, एवढंच गावभर झालं. एका बारशाला एका आत्यानं माझा हात हातात घेऊन अगदी मायेनं सांगितलं की अगं, आधी बोलायचं ना, आम्ही दिवस बदलला असता. दुसरीनं माझ्या पुढ्यातलं पूजेचं ताट हळूच उचलून लांब ठेवलं. मी पेढा तोंडात घातला आणि गिळला.

त्याआधीच मी आईला धरलं होतं. ती मेथी निवडत बसली होती. का नाही बोललीस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, चारचौघांत पोटातलं काय सांगू? बरं, ते मी समजू शकते. म्हटलं, मग नुसतं एवढंच म्हणायचं की माझ्या मुलीचा दोष नाही. कारण सांगायची गरजच नव्हती. तर म्हणते, जाऊ दे की, स्वल्प सोसलं म्हणून काय झिजतेस का?

मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. मला पाणी नको, प्लॉट नको. आईच्या तोंडून ते एक वाक्य हवं, तेही त्याच माणसांसमोर. आणि भावजींच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द. त्यासाठी वाट्टेल तितकं थांबायची माझी तयारी होती. मला राग लवकर येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तो टिकतो किती हे कुणालाच माहीत नाही.

काही महिन्यांनी भावजींनी दुसरी फुली मारली. ह्या वेळी मी मुद्दाम ऑफिसात बसून राहिले, देवनहळ्ळीच्या दिशेला तोंडही केलं नाही. तोही बोअर कोरडा. मला वाटलं, चला, आता तरी डोळे उघडतील. कसले उघडतात! भावजींनी सांगितलं की जमिनीला डाग एकदा लागला की लागला, पाणी वाट बदलतं. आणि लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या खेपेला मी होते म्हणून पाणी नाही, दुसऱ्या खेपेला नव्हते तरी माझ्यामुळेच नाही. आता मी मेले असते तरी सुटका नव्हती.

पण मला खरा धसका बसला तो आईचा. ती बदलायला लागली. आधी ती नुसती गप्प होती. मग म्हणायला लागली की तशी तू पूजेला आली नाहीस हे खरंच. मग म्हणाली, तुझा विश्वास नव्हता ना, मन स्वच्छ नसलं की देवाला कळतं. ज्या बाईनं माझे टाके बघितले तीच हळूहळू स्वतःची समजूत घालत होती की चूक माझीच, फक्त कारण जरा वेगळं. गप्प बसल्याची बोच तिलाही असणार. ती बोच काढायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे तोंड उघडणं. तिनं दुसरा धरला.

मला संधी मिळाली ती गणपतीत. मधल्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले होते, टँकरसाठी मारामारी, तेव्हा मी घरातली जमिनीखालची टाकी नवी करून घेतली होती. जुनी टाकी फाटकाजवळ होती, ती चिरली होती, म्हणून राडारोडा भरून बुजवली आणि वर फरशी घातली. नवी मोठी टाकी घराच्या बाजूला, गाडी लावतो त्या जागेखाली. भावजी आणि अक्का तेव्हा परदेशात मुलाकडे होते. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. हो, मुद्दामच.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक जेवायला येतात. त्या सकाळी मी गाडी बाहेर काढून गल्लीत लावली, आणि टाकीच्या झाकणावर माळ्यावरचा मोठा जमखाना पसरला. आई दारात उभी होती. तिनं एकदा जमखान्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ह्याच घरात राहणारी बाई, टाकी कुठं आहे ते तिला माहीतच. काय चाललंय ते तिला तिथल्या तिथं कळलं. पण काही न बोलता ती आत गेली. मला वाटलं, ही माझ्या बाजूनं आहे. आजही ते आठवलं की स्वतःची चीड येते.

जेवणं झाली. मीच विषय काढला. म्हटलं, भावजी, नव्या सुनांनी तुमचा नारळ कधी बघितला नाही, दाखवा की. लगेच आग्रह सुरू झाला. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग देवासमोरचा एक नारळ मागवून घेतला, पायमोजे काढले, आणि अंगणात उतरले. मागं सगळी वरात. मी त्यांना गोड बोलून बाजूनं नेलं. ते जमखान्यावरून चालत गेले. खाली काठोकाठ पाणी भरलेलं, आणि नारळ हातावर झोपलेला. ते परत फिरले, पुन्हा जमखान्यावरून आले. नारळ ढिम्म. मग ते फाटकाकडे वळले, जुन्या टाकीची जागा त्यांना पाठ होतीच, आणि तिथं पाऊल ठेवताच नारळ थरथरला आणि सुळकन उभा राहिला. टाळ्या पडल्या. एका सुनेनं व्हिडिओ काढला.

मी जमखाना ओढला आणि झाकण उचललं. या, बघा, म्हटलं. सगळे येऊन वाकून बघायला लागले. मग मी सांगितलं की फाटकाजवळ नुसता राडारोडा आहे, टाकी बुजवून टाकली. आवाज चढवला नाही. इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

भावजींचा चेहरा उतरला. खरंच उतरला. नारळ तसाच हातात, कपाळावर घाम, आणि ते एकदा टाकीत बघत होते, एकदा फाटकाकडे. "म्हणजे हे..." म्हणाले आणि थांबले. ओठ हलत होते. मी शपथेवर सांगते, तो शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. आणखी एक क्षण मिळाला असता तर तो माणूस बोलला असता, आणि मला वाटतं, मोकळाही झाला असता.

"अहो, ते नळाचं पाणी," आई म्हणाली. "कावेरीचं, पाइपातून आलेलं. नारळाला भूमीतलं पाणी कळतं, टाकीतलं कसं कळेल?"

सगळ्यांचा श्वास सुटला. अरे हो की, बरोबर, सरी सरी, असं चहूकडून सुरू झालं. भावजींनी आईकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. फाटकाखाली झरा असणार, म्हणाले, म्हणूनच जुनी टाकी चिरली. आता ह्याला काय बोलणार? त्यांनी टाकी चिरायचं कारणसुद्धा शोधून काढलं.

माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी गर्भपिशवी काढलेली आहे. देवनहळ्ळीला गेलो त्याच्या आदल्या वर्षीच. मला पाळी येतच नव्हती. आईला विचारा."

अक्काचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई माझ्याजवळ आली, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तापातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अपेंडिक्स होतं गं ते."

आत इस्पितळाची फाइल होती. आणून दाखवता आली असती. पण ज्यांनी दोन कोरडे बोअर पचवले, त्यांना एक फाइल पचवायला कितीसा वेळ लागणार? आणि आईला खोटं पाडायला मी कागद आणायचा? मला तिचा शब्द हवा होता. तो तिनं दिला, हा असा. मंडळी हळूहळू प्रसादाकडे वळली. कुणीतरी मलाच विचारलं, करंजी खाणार का.

सगळे गेल्यावर आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी विचारलं, का? ह्या वेळी तिनं टाळलं नाही. फडकं ठेवलं, माझ्याकडे बघून बोलली. "तो माणूस, त्या दिवशी काय नि आज काय, मान खाली घालून गेला असता, तर पुन्हा ह्या घराची पायरी चढला नसता. अक्कालाही येऊ दिलं नसतं. माझी एक लेक गेली असती. तुला बोललं तर तू रडशील, भांडशील. पण तू माझी आहेस. तू कुठं जाणार आहेस?"

खरं सांगते, एवढं सरळ ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. मी त्याच महिन्यात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, भाड्याचं घर घेतलं. सामान हलवलं तेव्हा आई दारात उभी होती. अजूनही तिला वाटत होतं की मी धमकी देतेय. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती हातात माझी पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

ह्याला आता बरेच दिवस झाले. भावजी आता तिसरी फुली मारायच्या विचारात आहेत. आई एकटी असते. ती रोज संध्याकाळी फोन करते, जेवलीस का विचारते. मी रोज तिला एकच विचारते, आई, मला काय झालं होतं? ती पीजीतल्या मुलींचा गोंगाट, भाजीचे भाव, असं काहीतरी सांगते. मी ऐकून घेते आणि फोन ठेवते. तिला त्रास होतो, मला माहीत आहे. व्हावा म्हणूनच विचारते.

आणि नातेवाइकांना मी घर का सोडलं म्हणून तिनं काय सांगितलंय? ऑफिस लांब पडायचं म्हणून धाकटी तिकडं राहायला गेली. आत्यांनी मान डोलावली, बरोबर आहे, ट्रॅफिक किती असतो. आता तर आईचाही त्यावर विश्वास बसलाय. परवा फोनवर काळजीनं म्हणाली, एवढी दगदग कशाला करतेस, जवळचं ऑफिस बघ की एखादं. माझं ऑफिस तिच्या गच्चीतून दिसतं.